माजी सैनिकाचे मन कोणाच्या खात्यात?

नौदलात मी मेडिकल असिस्टंट होतो. जहाजावरच्या सिक-बेपासून किनाऱ्यावरच्या रुग्णालयातल्या मानसोपचार वॉर्डापर्यंत सगळीकडे ड्यूटी केली आणि निवृत्तीनंतर वर्सोव्याला यारी रोडवर राहायला आलो. सात बंगल्यापासून कोळीवाड्यापर्यंत आमच्यासारखे बरेच जण राहतात. कोणी नौदलातले, कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीतले, कोणी हवाई दलातले. अर्ज भरून घ्यायला, डॉक्टरांची चिठ्ठी समजून घ्यायला ही मंडळी माझ्याकडे येतात आणि अर्ज भरता भरता दुसरेच काहीतरी बाहेर पडते.

सैनिकाची भरती दिल्ली करते, त्याची बदली दिल्ली करते, पेन्शनही दिल्लीच देते. पण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेने राज्याकडे दिलेला विषय आहे. वर्दी उतरली की हा माणूस महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी वॉर्डात, कुठल्यातरी तालुक्यात राहायला येतो, इथलेच पाणी पितो आणि इथेच रात्र रात्र जागा राहतो. म्हणून माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याचा आराखडा महाराष्ट्र सरकारने स्वतः करावा, दिल्लीची वाट पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यात काय असावे हे मला या माणसांनीच शिकवले.

१. दुखणे सांगायला कोणी जात नाही, दाखला मागायला सगळे जातात

मनाच्या डॉक्टरकडे जा असे सुचवले तर चांगला तगडा सुभेदारही विषय बदलतो. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो आपण होऊन जातो. ओळखपत्र हवे असते, मुलीची शिष्यवृत्ती हवी असते, डिस्चार्ज बुकातल्या नावातली चूक दुरुस्त करायची असते, वारसाची नोंद करायची असते. २०२० मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिकांना मालमत्ता करात सूट देणारी योजना आणली, तेव्हा एरवी कधी त्या कार्यालयाकडे न फिरकणारेही दाखला काढायला गेलेले मी पाहिले.

मग समुपदेशक तिथेच का बसू नये?

या कार्यालयांत कल्याण संघटक नावाचे पद असते. हा माणूस स्वतः माजी सैनिक असतो, गावोगाव फिरतो, कोणाच्या घरी काय चालले आहे हे त्याला ठाऊक असते. समोरच्याला तो पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठल्या युनिटला होतास?’ आणि अर्धे अंतर तिथेच मिटते. एमए सायकॉलॉजी झालेल्या तरुण मुलीला किंवा मुलाला हे अंतर कापायला कित्येक भेटी लागतात. दोघांना एकत्र आणले पाहिजे. कल्याण संघटकाला चार साधे प्रश्न विचारण्याचे आणि धोक्याची खूण ओळखण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. आठवड्यातला एक ठरलेला दिवस समुपदेशक त्याच कार्यालयात, पण दार लावता येईल अशा वेगळ्या खोलीत बसावा. दारावर ‘मानसोपचार’ असा फलक लावू नये. नुसते ‘आरोग्य सल्ला’ लिहिले तरी पुरे.

ही यंत्रणा नव्याने उभी करायची नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये इंग्रज सरकारने इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन केला. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचे मूळ तेच. त्याच्या खाली राज्ये आणि जिल्हे, आणि महाराष्ट्रात पुण्याला सैनिक कल्याण विभागाचे संचालनालय. खर्चाचा मोठा वाटा केंद्र उचलते, उरलेला राज्य. शंभर वर्षांत या यंत्रणेने पेन्शन, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि नोकरी ही कामे नेटाने केली. मनाचे काम मात्र तिच्याकडे कोणी सोपवलेच नाही.

२. आधी झोपेबद्दल विचारावे

‘मन कसे आहे?’ या प्रश्नाला फौजी माणसाचे उत्तर ठरलेले आहे: एकदम फिट. ‘झोप कशी लागते?’ असे विचारले की तो थांबतो. जहाजावर रात्री बारा ते चारच्या वॉचला आम्ही मिडल वॉच म्हणतो. वर्षानुवर्षे ती केलेला माणूस निवृत्तीनंतरही बाराला टक्क जागा होतो. काहींची ही सवय हळूहळू सुटते. काहींची सुटत नाही, आणि त्या चार तासांत काय काय डोक्यात येते हे ते कोणाला सांगत नाहीत.

झोपेपाठोपाठ कॅन्टीनबद्दल विचारावे लागते. माजी सैनिकाला कॅन्टीन कार्डावर हुद्द्याप्रमाणे दर महिन्याला दारूचा कोटा मिळतो. बहुतेक जण तो बेताने वापरतात, काही जण घेतही नाहीत. पण झोप यावी म्हणून रोज दोन पेग घेणारा आणि महिना संपायच्या आत कोटा संपवणारा माणूस मी अनेकदा पाहिला. त्याच्या यकृतावर उपचार होतात, साखर तपासली जाते, आणि दारू कशासाठी लागते हा प्रश्न कोणत्याच केसपेपरवर नसतो. रक्तदाब मोजतात तसा हा प्रश्न दर तपासणीला विचारला गेला पाहिजे, तोही न रागावता.

३. जुनी जखम म्हातारपणी वर येते

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त हलवून गेला. आपण समजतो की युद्धाचा त्रास युद्धानंतर लगेच होतो, आणि वेळ जाईल तसा तो विरतो. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, १९७१ च्या युद्धात नौदलात होते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. काका त्या जहाजावर नव्हते, पण त्यांच्याबरोबर ट्रेनिंग केलेली मुले होती.

पुढची सगळी नोकरी काकांनी समुद्रावरच केली. मुले मोठी केली, लग्ने लावली. तोवर काही नव्हते, निदान दिसत तरी नव्हते. काकी गेल्या, घर रिकामे झाले आणि काकांनी वर्सोव्याहून मढला जायची फेरीबोट सोडली. धक्क्यावरून बोटीत बसले की पलीकडे पोहोचायला काही मिनिटे लागतात. काका मालाडला वळसा घालून बसने मढला जातात. विचारले तर म्हणायचे, बोटीला गर्दी असते. पुढे एकदा त्यांनीच सांगितले की इंजिनाचा आवाज सुरू झाला की खालच्या मेसमध्ये अडकलेली पोरे दिसतात.

हे ऐकल्यावर मला समजले की कामाचा व्याप, बायकोची सोबत आणि मुलांची जबाबदारी इतकी वर्षे त्या रात्रीवर झाकण घालून होती. ती एकेक करून गेली. पंचाहत्तरीच्या माणसाला असे काही होऊ लागले की घरचे म्हणतात, वय झाले, विसराळू झाले, हट्टी झाले. डॉक्टरही स्मृतिभ्रंशाचाच विचार आधी करतात. १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढलेली पिढी आज याच वयात आहे आणि तिच्यासाठी थांबायला वेळ नाही. राज्याच्या आराखड्यात पहिली यादी ऐंशीच्या घरातल्या माजी सैनिकांची आणि वीरनारींची असावी, आणि त्यांना कार्यालयात न बोलावता घरी जाऊन भेटावे. काकांना शेवटी एक चांगल्या डॉक्टर मिळाल्या. झोप सुधारली. फेरीबोट अजून नाही, आणि मीही आग्रह करत नाही.

४. वहिनींना आधी माहीत असते

नवरा रात्री उठून दाराच्या कड्या तपासतो हे वहिनींना माहीत असते. लग्नकार्याला जायचे का टाळतो, मुलाच्या खोलीचे दार आपटले की कशासाठी चिडतो, पेन्शनमधले किती पैसे कुठे जातात, हे सगळे त्यांना माहीत असते. त्यांना विचारणारे कोणी नसते. आमच्या वैद्यकीय कागदावर बायकोचे नाव ‘अवलंबित’ म्हणून येते, पण खरे तर पूर्ण घर तिच्यावर अवलंबून असते.

घरी जाऊन विचारण्याचे काम महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, २०१५ मध्ये, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत राज्याच्या आरोग्य विभागाने प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा ताई घरोघरी जाऊन साधे प्रश्न विचारायच्या, ज्याची लक्षणे गंभीर वाटतील त्याला पुढे पाठवायचे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आणि फोनवर १०४ क्रमांक. त्या प्रकल्पात उणिवा नव्हत्या असे मी म्हणत नाही. पण मनाच्या आजारासाठी सरकार लोकांच्या ओट्यापर्यंत जाऊ शकते हे त्याने सिद्ध केले. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी सैनिक आहे, आशा ताईंच्या त्याच वहीत एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? आणि मुंबईत हेच काम महापालिकेच्या आरोग्यसेविका आणि आपला दवाखाना करू शकतात.

५. फाइल गावी, माणूस मुंबईत

वर्सोव्यातल्या कितीतरी माजी सैनिकांची नोंद अजून रत्नागिरी, सातारा नाहीतर कोल्हापूरच्या सैनिक कार्यालयात आहे. गावाकडे घर आहे, जमीन आहे, म्हणून नोंद हलवलेली नाही. त्यामुळे मुंबई उपनगरच्या कार्यालयाला हा माणूस दिसत नाही आणि गावच्या कार्यालयाला तो सापडत नाही.

उपचाराच्या वाटाही वेगवेगळ्या. पेन्शनरांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. ती केंद्राची. पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, रेफरल घ्यायचे, मग पुढे. नौदलाचे मोठे रुग्णालय अश्विनी कुलाब्याला. वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी, लोकलने चर्चगेट, तिथून बसने आर. सी. चर्च. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माणूस एवढे करतो. दर पंधरवड्याला तासभर बोलायला जाण्यासाठी करत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर सोडून देतो. घराजवळचे कूपर रुग्णालय महापालिकेचे, तिथे मानसोपचार विभाग आहे, पण तिथल्या नोंदवहीत रुग्ण माजी सैनिक आहे की नाही हा रकानाच नसतो. मनोरुग्णालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राज्याच्या आरोग्य खात्याकडे, सैनिक कल्याण वेगळ्या खात्याकडे.

तीन सरकारे आणि चार खाती. यांना एका टेबलाशी बसवणे फक्त राज्याला शक्य आहे. मुंबईसाठी माझी मागणी अगदी नेमकी आहे: महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढतानाच ‘माजी सैनिक किंवा कुटुंबीय’ अशी नोंद व्हावी, आणि ईसीएचएसच्या कार्डावर जवळच्या सार्वजनिक रुग्णालयातले समुपदेशन विनारेफरल मिळावे. त्यासाठी राज्याने केंद्राशी करार करावा.

मोजणीचाही प्रश्न आहे. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. उपचारांची गरज असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, हे त्या सर्वेक्षणाने दाखवले. आमच्या राज्यातल्या माजी सैनिकांचे काय, याचा आकडा आधी हाती हवा.

६. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक

सैनिक तरुणपणीच निवृत्त होतो. पस्तीस-चाळिशीला हाती दुसरी नोकरी लागते आणि ती बहुधा सुरक्षारक्षकाची असते. लोखंडवाला ते यारी रोडच्या इमारतींच्या फाटकावर कितीतरी हवालदार उभे आहेत. बारा तासांची पाळी, त्यातही रात्रीची. ज्याची झोप आधीच मोडली आहे त्याला आपण आणखी जागे ठेवतो. कालपर्यंत तीस जणांची प्लाटून सांभाळणाऱ्याला सोसायटीतले पोर ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारते. हा घाव लहान समजू नये. माझ्याकडे आलेल्या अनेकांचे बोलणे युद्धापेक्षा या हाकेवर जास्त रेंगाळले.

मेस्को हे राज्य सरकारचेच माजी सैनिक महामंडळ आहे आणि ते माजी सैनिकांना नोकऱ्या देते. तिथून सुरुवात व्हावी. वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, तिच्यात झोपेचे आणि दारूचे प्रश्न, आणि ज्याला त्रास आहे त्याला सलग रात्रपाळी न देण्याचा नियम. सरकारी महामंडळाने हे केले की खासगी एजन्सीकडेही मागता येईल.

७. शिक्क्याची भीती खोटी नसते

‘सायकियाट्रीत दाखवले तर पोराच्या भरतीला अडचण येईल का?’ ‘गनमनची नोकरी जाईल का?’ हे प्रश्न मला नेहमी येतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. सेवेत असताना लो मेडिकल कॅटेगरी लागली की बढतीवर परिणाम होतो हे त्यांनी पाहिलेले असते. मनोविकारामुळे घरी पाठवलेल्या सैनिकाला ‘हा आजार सेवेमुळे नाही’ असा वैद्यकीय मंडळाचा शेरा मिळून पेन्शन नाकारली गेल्याचीही उदाहरणे त्यांना माहीत असतात.

कायदा मात्र बदलतो आहे, आणि हे सांगणारा माणूस हवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच उद्भवला असे धरून चालावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट केले. त्याच वर्षी वीरपाल सिंग या स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या सैनिकाच्या खटल्यात वैद्यकीय मंडळाचे मत डोळे झाकून स्वीकारू नये असेही म्हटले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमाने उपचार मिळणे हा हक्क केला आणि २३ व्या कलमाने आजाराची माहिती गुप्त राहण्याचाही. आराखड्यात समुपदेशकाच्या शेजारी एक वकीलही असावा. पेन्शनचा कागद मार्गी लागला की मनावरचे अर्धे ओझे उतरलेले मी स्वतः पाहिले आहे.

८. दुसऱ्यांनी काय केले

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी रुग्णालयांकडे पाठ फिरवली तेव्हा अमेरिकेने १९७९ पासून रुग्णालयाबाहेर, वस्तीत, व्हेट सेंटर उघडली. तिथे बोलणाऱ्यांत बरेच जण स्वतः माजी सैनिक असतात. २०१९ पासून तिथल्या केंद्र सरकारने राज्यांच्या गव्हर्नरांना पुढे करून माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्याचे राज्यनिहाय आराखडे करायला लावले. म्हणजे एवढे पैसे आणि स्वतंत्र खाते असलेल्या देशालाही राज्यांशिवाय हे जमले नाही. आपल्याकडे टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) उघडला. पुणे आपल्याच राज्यात आहे. फोनवर धीर मिळालेल्या माणसाला प्रत्यक्ष कुठे पाठवायचे, ती जागा प्रत्येक जिल्ह्यात महाराष्ट्राने तयार ठेवावी.

९. यादीबाहेरचे

सीआरपीएफमधून निवृत्त झालेला एक शेजारी मला म्हणाला, ‘गोळी मीही खाल्ली, पण सैनिक कार्यालयाच्या यादीत मी नाही.’ खरे आहे. निमलष्करी दलातले जवान तिथे माजी सैनिक धरले जात नाहीत. पेन्शनशिवाय बाहेर पडलेल्यांचीही अशीच अडचण होते.

आता त्यात चार वर्षांसाठी भरती झालेले अग्निवीर येतील. २०२२ च्या अखेरीस नौदलाची पहिली तुकडी ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे दाखल झाली आणि २८ मार्च २०२३ ला तिचे दीक्षान्त संचलन झाले. चार वर्षांनी चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला पुढे ठेवले जाईल. उरलेल्यांना सेवानिधी मिळेल, पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. बाविशी-पंचविशीची, ‘निवड झाली नाही’ हे वाक्य घेऊन गावी परतणारी ही मुले असतील. त्यांची नावे, तालुके आणि परतीचे महिने सरकारला आधीपासून ठाऊक आहेत. आराखडा आधी करायला याहून सोयीचे दुसरे कारण नाही. मनाच्या आरोग्यापुरती तरी ‘ज्याने वर्दी घातली तो आपला’ एवढीच अट महाराष्ट्राने ठेवावी.

दरवर्षी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जिल्हाधिकारी कार्यालयापासून शाळांपर्यंत आपण निधी गोळा करतो. सैनिक कल्याण विभागाला माझी विनंती आहे की या निधीतून यंदा प्रत्येक जिल्ह्याला निदान एक समुपदेशक द्यावा आणि सुरुवात मुंबई उपनगरापासून करावी, कारण गावापासून तुटलेले, एकटे पडलेले माजी सैनिक इथे जास्त आहेत. आणि तुमच्या घरात, इमारतीत, फाटकावर असा कोणी रात्री जागा असेल तर आराखडा होईपर्यंत थांबू नका. टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. फोन फुकट आहे, रात्रीही लागतो, पलीकडचा माणूस मराठीत बोलतो, आणि जागणाऱ्याच्या वतीने तुम्हीही लावू शकता.